मंद आचेवरचे अन्न : लाभ आणि सावधगिरी

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशी स्थायिक झालेली मुले दिवाळीला जिंतूरला येतात आणि जाताना आईवडिलांसाठी मंद गतीने अन्न शिजवणारे विजेचे भांडे, म्हणजे स्लो कुकर, ठेवून जातात. सकाळी सारे घालावे, कळ फिरवावी आणि दुपारी गरम जेवावे, एवढीच सूचना असते. मुले परतली की ते भांडे पुष्कळदा खोक्यासह फळीवर जाते. ज्यांना ते वापरावेसे वाटते, ते रक्तदाब तपासून घेताना विचारतात, "डॉक्टरसाहेब, यातले अन्न आम्हांला मानवेल का?"

उत्तर थोडक्यात असे, की मंद आचेवर पूर्ण शिजलेले आणि गरम असताना खाल्लेले अन्न वृद्धांना उत्तम मानवते. परंतु कोमट अवस्थेत तासन् तास राहिलेले अन्न त्यांच्या जिवावर बेतू शकते. या दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात घडू शकतात. त्यांतला फरक घरातील जाणत्या माणसांनी आणि शुश्रूषा करणाऱ्यांनी समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

या भांड्याचे काम कसे चालते?

आत चिनीमातीचे जाड भांडे, त्याच्या भोवती विजेची तार आणि वर घट्ट झाकण, अशी याची रचना असते. साधारण दीडशे ते अडीचशे वॅट इतकीच वीज ते घेते. त्यामुळे आतील अन्न हळूहळू तापत जाते आणि काही तासांनी ८५ ते ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावते. आपल्या शिट्टीच्या कुकरमध्ये वाफ कोंडली गेल्याने तापमान १२० अंशांच्या जवळ पोहोचते. म्हणून तिथे जी डाळ पंधरा-वीस मिनिटांत शिजते, तिला इथे चार ते आठ तास लागतात.

हे यंत्र अमेरिकेत जन्मले. अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट १९४० साली मिळाले आणि १९७१पासून ते तिथल्या घरोघरी पोहोचले. तत्त्व मात्र आपल्या आजीला ठाऊक होते. चुलीच्या मुख्य तोंडावर भाकरी होत असे आणि शेजारच्या वैलावर उरल्या आचेत डाळ किंवा कण्या रटरटत असत. गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध जाड साय धरेपर्यंत तापे. १९१० साली कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 'इकमिक कुकर' तयार केला. एकावर एक रचलेले डबे, भोवती वाफ आणि तळाशी कोळशाची लहानशी शेगडी अशी त्याची योजना होती. आपल्या पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने 'सराई कुकर' लोकांपर्यंत नेला. थोड्याशा कांडी कोळशावर वरण, भात आणि भाजी वाफेने शिजवणारा हा कुकर अनेकांनी पाहिला असेल. तेव्हा 'मंद आचेचे अन्न' ही परदेशातून आलेली चैन समजण्याचे कारण नाही.

वृद्धांना होणारे लाभ

पहिला लाभ मऊपणाचा. दात पडलेले किंवा कवळी सैल झालेली व्यक्ती हळूहळू भाकरी सोडते, उसळ सोडते आणि शेवटी चहा-टोस्टवर दिवस काढू लागते. माझ्याकडे 'अशक्तपणा' म्हणून सलाईन लावण्याचा आग्रह धरणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळांचे खरे दुखणे हेच असते. त्यांच्या पोटात डाळ जात नाही, म्हणून मांड्या-दंडांचे स्नायू झिजतात, तोल जातो आणि एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. मूत्रपिंडे निरोगी असतील तर उतारवयात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीला ५० ते ६० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात. मऊ शिजलेली डाळ, कण्या आणि उसळ पुन्हा ताटात आली, तर सलाईनच्या बाटलीपेक्षा कितीतरी अधिक बळ मिळते.

दुसरा लाभ सुरक्षिततेचा. स्मरणशक्ती उतरणीला लागली, की गॅसवर भांडे ठेवून विसरणे, पातेले करपणे, पदराला झळ लागणे, असे प्रकार घडू लागतात. संधिवाताने कुकरचे झाकण लावता येत नाही. गुडघेदुखीने ओट्यापाशी उभे राहवत नाही. चुलीच्या धुराने ज्यांची फुप्फुसे आधीच दुबळी झाली आहेत, त्यांनी तर धुरापासून दूरच राहावे. या साऱ्यांना उघडी ज्योत नसलेले भांडे सोयीचे पडते. अर्थात ते बाहेरूनही तापते, त्याची वायर लोंबती ठेवू नये आणि ते ओट्याच्या कडेला ठेवू नये.

तिसरा लाभ शुश्रूषा करणाऱ्याला होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे अंग पुसणे, कूस बदलणे, औषधे देणे यांत सकाळ कशी सरते, हे सुनांना आणि मुलींना विचारावे. त्या वेळात भाजी ढवळत उभे राहावे लागले नाही, तर तेवढी उसंत त्यांना मिळते. शुश्रूषा करणाऱ्याचे आरोग्य हाही घराच्या आरोग्याचा भाग आहे.

खरा धोका : कोमट अन्न

आता दुसरी बाजू. रोगजंतूंची वाढ साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने होते. शिट्टीचा कुकर हा पट्टा काही मिनिटांत ओलांडतो. मंद कुकरमध्ये थंड पाणी आणि थंड डाळ घातली, तर तोच पट्टा ओलांडायला दोन-तीन तास लागू शकतात. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही टिकतात आणि अन्न कोमट झाले की पुन्हा वाढू लागतात. शिळ्या भातात वाढणारा एक जंतू तर असे विष तयार करतो, की ते नंतर कितीही उकळले तरी नष्ट होत नाही. 'गरम करून घेतले की झाले' हा समज म्हणूनच अपुरा आहे.

यात आपल्या भागाची एक विशेष अडचण आहे. तालुक्यात येलदरीचे जलविद्युत केंद्र असले, तरी घरातील वीज सांगून जात नाही. सकाळी नऊला भांडे लावले, दहाला वीज गेली आणि एकला आली, तर दुपारी अन्न गरम दिसेल, वासही चांगला येईल. परंतु मधले तीन तास ते जंतूंना अनुकूल अशा उबेत राहिलेले असेल. घरी कोणी असेल आणि वीज गेल्याचे लक्षात आले, तर अन्न लगेच गॅसवर उकळून शिजवून घ्यावे. अन्न पूर्ण शिजल्यावर वीज गेली असेल, तर दोन तासांच्या आत जेवून घ्यावे. आणि आपण बाहेर असताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर ते अन्न टाकून द्यावे. अन्न टाकणे आपल्या संस्कारात बसत नाही, हे मी जाणतो. परंतु पाव किलो डाळीची किंमत आणि दोन दिवसांच्या रुग्णालयाची किंमत यांची तुलना करून पाहावी.

तरुणाला जुलाब झाले तर तो दोन दिवसांत सावरतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याची तहान मंदावलेली असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतात. चार-सहा जुलाबांत रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. अशा वेळी ओआरएसचे एक मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट-घोट पाजणे सुरू करावे. लघवी कमी झाली, ग्लानी आली, शौचात रक्त दिसले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. चालू गोळ्यांपैकी कोणत्या तात्पुरत्या थांबवायच्या, हेही त्यांनाच विचारावे.

राजमा कच्चा कधीही टाकू नये

हा मुद्दा स्वतंत्रपणे सांगतो, कारण तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. राजम्यात निसर्गतःच एक विषारी प्रथिन असते. जोरदार उकळीने ते नष्ट होते. परंतु ८० अंशांच्या आसपासच्या मंद आचेत ते टिकते, एवढेच नव्हे तर त्याची तीव्रता वाढू शकते. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही मळमळ, उलट्या आणि जुलाब घडवू शकतात. त्रास एक ते तीन तासांत सुरू होतो. सातारा जिल्ह्यातील कोरेगावचा प्रसिद्ध वाघ्या घेवडाही याच जातीचा आहे.

म्हणून राजमा किंवा घेवड्याचे वाळलेले दाणे आठ तास भिजवावेत, ते पाणी फेकून द्यावे, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळावेत आणि मगच मंद कुकरमध्ये घालावेत. शिट्टीच्या कुकरमध्ये नीट शिजवलेल्या राजम्यात हा धोका राहत नाही. तूर आणि मूग यांच्याबाबत असा प्रश्न नाही.

काही आजारांत घ्यावयाची काळजी

*मधुमेह :* अन्न जितके मऊ आणि घोटलेले, तितकी त्यातील साखर रक्तात लवकर उतरते. म्हणून चावता येत असेल, तर अन्नाची पेज करू नये. भात कमी, डाळ आणि भाजी अधिक असे प्रमाण ठेवावे. नवा पदार्थ सुरू केल्यावर जेवणानंतर दोन तासांची साखर एकदा तपासून पाहावी.

*मूत्रपिंडाचा विकार :* ज्यांना पोटॅशियम कमी ठेवण्यास सांगितले आहे, ते भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी काढून टाकतात. मंद कुकरमध्ये सारे पाणी भांड्यातच राहते आणि पोटॅशियमही राहते. अशा रुग्णांनी भाजी आधी वेगळी उकळून, निथळून घ्यावी. डाळीचे प्रमाणही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

*रक्तदाब :* दीर्घकाळ शिजल्याने मसाल्याचा वास आणि चव मंदावते. मग हात मिठाकडे जातो. दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचमचाभरापेक्षा कमी असावे. चव आणण्यासाठी शेवटी लिंबू, कोथिंबीर, जिऱ्याची फोडणी वापरावी. दीर्घ उष्णतेने 'क' जीवनसत्त्व घटते; वरून पिळलेल्या लिंबाने त्याचीही भर निघते.

*पक्षाघात आणि कंपवात :* गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णाला वरचा रस पातळ आणि खाली तुकडे असे अन्न सर्वांत धोक्याचे. असे अन्न घोटून एकजीव आणि दाटसर करावे. रुग्णाला सरळ बसवून लहान चमच्याने भरवावे आणि नंतर अर्धा तास आडवे करू नये.

*हाड मोडल्यानंतर :* पायाचे सूप रात्रभर शिजवून पाजण्याची पद्धत आहे. त्याने उब येते, तोंडाला चव येते. पण हाडांतील कॅल्शियम त्या रसात फारसे उतरत नाही. पेलाभर दूध त्याहून कितीतरी अधिक कॅल्शियम देते. सूप द्यायचे तर त्यातील मऊ मांसही द्यावे आणि दूध, ताक बंद करू नये.

आपले पाणी आणि आपली डाळ

"आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही" ही तक्रार इथे घरोघरी ऐकू येते आणि ती खरी आहे. जड पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या सालीला आणि गराला घट्ट करते. शिट्टीच्या कुकरची प्रखर उष्णता त्यावर मात करते. मंद आच करू शकत नाही. सहा तासांनंतरही डाळ कणीदार राहिली, तर दोष भांड्याचा नसतो. अशा वेळी चिमूटभर सोडा घालू नये. त्याने 'ब१' जीवनसत्त्व नष्ट होते आणि सोडियम वाढते. पिण्याचे फिल्टरचे पाणी वापरावे, डाळ आधी भिजवावी आणि चिंच, टोमॅटो, आमसूल हे आंबट पदार्थ डाळ मऊ झाल्यावरच घालावेत.

भांड्याचीही पारख करावी. आतील चिनीमातीला तडा गेला असेल किंवा लकाकी उडाली असेल, तर ते बदलावे. रंगीत लकाकीच्या स्वस्त भांड्यांत शिशाचा अंश असू शकतो आणि आंबट पदार्थात तो उतरतो. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात आपण आमटी करत नाही, तोच विचार इथे लावावा.

ज्वारीच्या कण्या : एक सोपी रीत

दीड लिटरच्या भांड्यात दोन माणसांचे एक वेळचे जेवण असे होते. अर्धी वाटी ज्वारीच्या कण्या आणि पाव वाटी मूगडाळ चार तास भिजवावी. उन्हाळ्यात फ्रिजमध्ये भिजवावी. नंतर चार वाट्या पाणी, चिरलेला दुधी किंवा भोपळा आणि थोडी हळद घालून गॅसवर दहा मिनिटे खळखळून उकळावे. तोवर मंद कुकरच्या भांड्यात गरम पाणी घालून ते तापवून ठेवावे, म्हणजे एकदम उकळते अन्न ओतल्याने त्याला तडा जाणार नाही. ते पाणी काढून उकळत्या कण्या आत ओताव्यात आणि कळ आधी तीव्रवर ठेवावी. तीन तासांत कण्या लोण्यासारख्या होतात. वरून जिरे-लसणाची फोडणी, कोथिंबीर आणि सोबत ताजे ताक.

गॅसवरची ती दहा मिनिटांची उकळी हीच साऱ्या रीतीची किल्ली आहे. तिच्यामुळे अन्न कोमट पट्टा झपाट्याने ओलांडते. वृद्ध व्यक्तीला गॅस पेटवणे धोक्याचे वाटत असेल, तर घरातील कोणी सकाळी कामावर जाण्यापूर्वी एवढे करून द्यावे.

थोडक्यात नियम

१. आधी उकळी, मग मंद आच. फ्रिजमधील थंड अन्न थेट यात घालू नये.
२. भांडे अर्ध्यापेक्षा कमी आणि दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये.
३. झाकण वारंवार उघडू नये. प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटांची उष्णता वाया जाते.
४. रात्री कच्चे अन्न भरून पहाटेची वेळ लावून ठेवू नये.
५. उरलेले अन्न पसरट भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. परभणीच्या कडक उन्हाळ्यात एका तासात. दुसऱ्या दिवशी ते गॅसवर वाफा निघेपर्यंत उकळावे. मंद कुकर शिळे तापवण्यासाठी वापरू नये.
६. नव्या किंवा जुन्या कुकरची परीक्षा घ्यावी. अर्धे भांडे पाणी भरून मंद कळेवर आठ तास ठेवावे आणि स्वयंपाकाच्या तापमापकाने पाहावे. तापमान ८५ अंशांच्या खाली असेल, तर ते वापरू नये. तापाचा थर्मामीटर यात बुडवू नये. तो ४२ अंशांच्या पुढे मोजतच नाही.

विकत घ्यावा का?

घरात शिट्टीचा कुकर आहे आणि तो लावणारे, ऐकणारे माणूस आहे, तर नवे भांडे घेण्याची निकड नाही. दोन-चार शिट्ट्या जास्त केल्या की डाळ तितकीच मऊ होते आणि वीज जाण्याची चिंता राहत नाही. २०० वॅटचा मंद कुकर आठ तास चालला, तर सुमारे १.६ युनिट वीज लागते. तो खर्चही ध्यानात घ्यावा.

गॅस विसरण्याची सवय जडली आहे, शिट्टी ऐकू येत नाही, झाकण लावण्याचे बळ हातांत नाही आणि दिवसातून एकदा तरी घरात येणारे कोणी आहे, अशा घरी मात्र हे भांडे उपयोगी ठरते. जिथे वृद्ध व्यक्ती अगदी एकटी आहे, स्मृतिभ्रंश वाढला आहे आणि वीज वारंवार जाते, तिथे मी ते सुचवणार नाही. तिथे शेजारच्या घरातून येणारा गरम डबाच अधिक सुरक्षित.

वीज नसतानाचा एक जुना उपायही सांगतो. जाड बुडाच्या पातेल्यात भिजवलेली मूगडाळ किंवा तांदूळ दहा मिनिटे उकळावा, घट्ट झाकण ठेवून आच बंद करावी, भांडे ज्योतीपासून दूर नेऊन दोन गोधड्यांत गुंडाळावे. तासाभरात अन्न आपल्याच उष्णतेने शिजते. खाण्यापूर्वी एक उकळी पुन्हा द्यावी आणि ते दोन तासांपलीकडे गोधडीत ठेवू नये.

"एकट्या जिवासाठी काय स्वयंपाक करायचा, डॉक्टरसाहेब?" असे कित्येक आजी मला विचारतात. एकट्या जिवालाही डाळ लागते, भाजी लागते आणि ती गरमच लागते. मुलांनी भांडे आणून दिले हे चांगलेच झाले. आता पुढच्या वेळी घरी आल्यावर त्यांनी एक दिवस आईच्या शेजारी उभे राहून त्यात कण्या शिजवून दाखवाव्यात, आणि परतल्यावर फोनवर 'जेवलीस का?' एवढ्यावर न थांबता 'काय जेवलीस, आणि गरम होते ना?' हेही विचारावे.